सगळे दिवे हिरवे, खरं आवाज जाईना : खानापूर तालुक्यातल्या एका हॉटस्पॉटचं प्रकरण

सुभेदार मामांचा फोन आला तेव्हा मी बेळगावात, शहापुरात घरीच होतो, पाऊस असा की गल्लीत कुत्रं नव्हतं. मामा म्हणाले, "पेटीवरचे सगळे दिवे लागल्यात, जावयाचा आवाज पुण्याहून इथं घंटेसारखा येतोय, खरं माझा आवाज तिकडं गेला की भांडी घासल्यागत ऐकू येतोय म्हणतोय. काय करू सांग की." आता मामा म्हणजे माझ्या मित्राचे मामा, पण खानापूर-जांबोटी पट्ट्यात ते सगळ्यांचेच मामा. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी झाली, रिटायर होऊन गावाकडं आले, घरामागच्या दोन आंब्यांच्या मध्ये वायर ताणून हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसच्या, ४० मीटर पट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ बसायचे. व्हीयू२चं हॅम लायसन, मोर्स अजून बोटात आहे. पण पावसाळ्यात ४० मीटरवर विजांचा जो कडकडाट भरतो त्यात पुण्याच्या जावयाचा पत्ता लागत नाही, आणि गाव असं खोलगट जागी की हँडीवर, म्हणजे हातातल्या छोट्या सेटवर, कुठलाच रिपीटर, म्हणजे आवाज पकडून लांब पोचवणारा सेट, उघडत नाही. म्हणून जावयानं डीएमआर हँडी, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवणारा सेट, आणि हॉटस्पॉटचे सुटे भाग पाठवले होते. मामींचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, फोन हाय की हातात, त्यावर बोला. त्याला मामांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही.

हॉटस्पॉट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, ही पेटी साधारण काड्यापेटीच्या दीड-दोन पट, आत एक रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू, म्हणजे २०१७ साली आलेला तो छोटा कॉम्प्युटर, एक कोअर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम. त्याच्या डोक्यावर बसतो डिजिटल आवाज पकडणारा-पाठवणारा एमएमडीव्हीएमचा बोर्ड, ज्याला सगळे हॅट म्हणतात, त्यात एडीएफ७०२१ नावाची रेडिओची चिप आणि तिला चालवणारी एक एसटीएम३२ चिप, आणि करंगळीएवढा अँटेना. पॉवर १० मिलिवॅटच्या आसपास. एमएमडीव्हीएम हे मूळ जॉनथन नेलर या ब्रिटिश हॅमचं काम, त्यावर पाय-स्टार नावाचं तयार सॉफ्टवेअर मेमरी कार्डवर टाकलं की ब्राउझरमधून सगळं सेट करता येतं. मामांनी हँडीत बोलायचं, ते दहा पावलांवरच्या पेटीनं पकडायचं, पेटीनं इंटरनेटवरून डीएमआरवाल्यांच्या ब्रँडमायस्टर नेटवर्कला द्यायचं, तिथून पुण्यातल्या जावयाच्या पेटीकडं, तिथून त्याच्या हँडीत. म्हणजे पेटी अर्धी रेडिओ आणि अर्धी इंटरनेटचं गेटवे. मी हे स्वतः लोकांना शंभरदा सांगितलंय आणि या प्रकरणात नेमकं तेच विसरलो.

कारण फोनवर मी लगेच नेटवर घसरलो. पाऊस आहे, खेड्यातलं नेट, तारा झाडांवरून गेलेल्या, दुसरं काय असणार. राउटर बंद करून चालू करा, पेटी राउटरजवळ न्या, मग मोबाईलच्या नेटवर लावून बघा, तीन दिवस मामा मी सांगेन ते करत राहिले आणि तीन दिवस भांडी घासणं चालूच. नातू आठवीत आहे, सगळी जुळणी त्यानंच व्हिडिओ बघून केलेली, तो तिसऱ्या दिवशी मला फोनवर म्हणाला, "दादा, नेट खराब असलं तर आतोबांचा आवाज चांगला कसा येतोय?" आता यावर काय बोलणार. पुण्याहून येणारा आवाज त्याच नेटवरून येतोय ना. पोराला कळलं ते मला कळलं नाही.

रविवारी गाडी काढून गेलो. पहिलं काम, डॅशबोर्ड, म्हणजे पेटीचं ब्राउझरमधलं पान, उघडून जावयाला पुण्याहून बोलायला लावलं. वरच्या यादीत, जिथं नेटवर्कवरून येणारं सगळं दिसतं, तिथं त्याचा कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचं रेडिओचं नाव, आणि लॉस ०.०%. एकही पॅकेट गळत नव्हतं. नेट निर्दोष सुटलं. मग मामांना पीटीटी, म्हणजे हँडीचं बोलायचं बटण, दाबून बोलायला लावलं आणि खालची यादी बघितली, ज्यात फक्त पेटीनं रेडिओवरून स्वतः ऐकलेलं येतं. तिथं बीईआर ७.१%. बीईआर म्हणजे आलेल्या शंभर बिट्समध्ये चुकलेले किती. १ च्या आत असलं तर उत्तम, दोन-तीनपर्यंत कान चालवून घेतो, पाचच्या पुढं माणूस रोबोट होतो. म्हणजे मामांचा आवाज पुण्याला जाताना बिघडत नव्हता, तो सोप्यातून माजघरात जातानाच बिघडत होता. तीन दिवस मी ज्या अर्ध्या भागात शोधत होतो तिथं काही हरवलंच नव्हतं.

पण त्यावर काही करायच्या आधी दुसरंच एक दिसलं आणि मी पेटी तशीच बंद करायला लावली. फ्रिक्वेन्सी ४३८.८०० मेगाहर्ट्झ. पाय-स्टार नवं टाकलं की हीच भरलेली येते, व्हिडिओतल्या माणसानं बदलली नव्हती, नातवानंही बदलली नाही, हँडीतही तीच टाकली. बाहेरच्या बऱ्याच देशांत ४३० ते ४४० चालतं, आपल्याकडं हॅम लोकांना ४३४ ते ४३८ एवढंच दिलंय. १० मिलिवॅट कुणाला ऐकू जाणार असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही, लायसनवर जे लिहिलंय ते लिहिलंय. मामांचा तर चेहराच पडला, फौजेत कधी चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर गेलो नाही म्हणाले. आता ४३५ ते ४३८ हा भाग हॅम सॅटेलाइटवाले वापरतात, तिथं आपली २४ तास चालणारी पेटी नको, आणि ४३४ च्या खाली विनालायसन रिमोट-बिमोटची गर्दी, म्हणून ४३४.६०० धरली. हँडीचं कोडप्लग, म्हणजे सेटिंगची फाईल, लॅपटॉपवर घेतलं, रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्ही तीच, पेटीशी जुळावे लागणारे कलर कोड १ आणि टाइमस्लॉट २, भारताचा टॉकग्रुप, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बोलायची जागा, ४०४ ग्रुप कॉल म्हणून आणि तोच रिसीव्ह ग्रुप लिस्टमध्येही, म्हणजे हँडीनं काय ऐकायचं त्या यादीत. हे शेवटचं विसरलं की पेटी बोलत राहते आणि हँडी मख्खासारखी गप्प बसते, लोक मग स्पीकर गेला म्हणून दुकानात नेतात.

आयडीचं, म्हणजे नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकाचंही जरा बघून घेतलं. आपल्याकडचे डीएमआर आयडी ४०४ नं सुरू होणारे सात आकडी. पेटीला त्याच्यामागं दोन आकडे जोडून नऊ आकडी द्यायचा, म्हणजे एकाच माणसाच्या दोन-तीन पेट्या नेटवर्कला वेगळ्या ओळखू येतात, पण हँडीत मात्र सातच. डीएमआरमध्ये आयडीला २४ बिट्सचीच जागा आहे, १ कोटी ६७ लाखांच्या वर आकडा मावतच नाही, त्यामुळं नऊ आकडी टाकायला गेलं तर प्रोग्रॅमच घेत नाही. आयडी काढताना मामांना वेगळीच काळजी होती, जुन्या लायसनवर बेलगाम, आधारवर बेलगावी, २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं त्यानंतरचा हा घोळ, आणि आपण बोलतो तर बेळगाव. माणूस एक, गाव तीन. काही अडलं नाही, आयडी आला. पेटीच्या सेटिंगमध्ये मात्र नातवानं अक्षांश-रेखांश उलटे भरलेले, १५.६ च्या जागी ७४.५ आणि ७४.५ च्या जागी १५.६, त्यामुळं नकाशावर मामा नॉर्वेच्या वरच्या बर्फाळ समुद्रात बसलेले दिसत होते. मामी ते बघून पहिल्यांदा हसल्या.

फ्रिक्वेन्सी बदलली, परत दाबलं. ६.९%. म्हणजे दोष तिथं नव्हता.

मग हँडी. मामा पेटीच्या शेजारी खुर्चीवर बसून ५ वॅटवर बोलत होते. हे म्हणजे कानात तोंड घालून बोंब मारणं, पेटीचा रिसीव्हर त्या दणक्यानं बधिर होतो. हँडी लो पॉवरवर टाकली आणि मामांना छत्री घेऊन गोठ्यापर्यंत पाठवलं. म्हैस बघत होती. ५.८% वर आलं. सुधारलं, पण उरलेलं कुठून?

तोवर करंटचा संशय आला कारण पेटी मधूनच आपोआप रिस्टार्ट व्हायची, विशेषतः मामींनी मिक्सर लावला की. मल्टिमीटर घेऊन पायच्या २ नंबर आणि ६ नंबर पिनवर लावला, ५ व्होल्ट हवेत तिथं ४.६२. चार्जर कुठल्यातरी जुन्या मोबाईलचा आणि केबल तर सुतळीएवढी बारीक आणि दोन मीटर लांब, कमी पडलेले बरेचसे व्होल्ट तीच खात असणार. माझ्या बॅगेतला चांगला चार्जर आणि आखूड केबल लावली, ५.०६ झालं, मिक्सरला पेटी दाद देईना झाली. पण बीईआर? ५.७. म्हणजे हा खरा दोष होता, पण आपल्या तक्रारीचा नव्हता. असं होतं बघा, एक दोष सापडला की आपण खूश होऊन थांबतो आणि मूळ दुखणं तिथंच राहतं. मामा म्हणाले, "लेका, दात काढलास खरं दुसराच काढलास."

आता उरला क्रिस्टल. इथं जरा सावकाश जातो कारण सगळं प्रकरण इथंच आहे. डीएमआरमध्ये आवाज आकड्यांत बदलतो आणि ते आकडे हवेत पाठवताना फ्रिक्वेन्सी चार पायऱ्यांवर नाचते, मधल्या रेषेपासून ६४८ हर्ट्झ वर, १९४४ वर, तसंच ६४८ खाली आणि १९४४ खाली. सेकंदाला ४८०० वेळा पायरी बदलते. दोन पायऱ्यांत अंतर १२९६ हर्ट्झ, म्हणजे ऐकणाऱ्याला कुठली पायरी हे ठरवायला दोन्ही बाजूंना ६४८ ची मोकळीक. आता पेटीतला क्रिस्टल, ज्याच्यावर तिची सगळी फ्रिक्वेन्सी उभी आहे, तो स्वस्तातल्या बोर्डवर थोडा इकडंतिकडं असतोच. किती? दहा लाखात एक भाग चुकला तरी ४३४ मेगाहर्ट्झवर ४३४ हर्ट्झ होतात. भिंतीवरचं घड्याळ एवढं चुकलं असतं तर महिन्याला अडीच सेकंद, आपण त्याला नामी घड्याळ म्हटलं असतं. पण इथं ६४८ च्या मोकळिकीतले ४३४ गेले की उरतात दोनशे-सव्वादोनशे, त्यात जरा खरखर आली की पायरी चुकली, बिट चुकला, मामांची भांडी सुरू. आणि उलट दिशेला, पेटी बोलते तेव्हाही ती तेवढीच बाजूला बोलत असते, पण हँडीच्या रिसीव्हरनं तो फरक पोटात घातला, म्हणून जावई स्वच्छ आणि मामा रोबोट. "सगळे दिवे हिरवे" याचा अर्थ एवढाच की प्रोग्रॅम चालू आहेत, क्रिस्टल कुठं उभाय ते दिव्याला माहीत नसतं.

उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे. एक्सपर्टमध्ये जाऊन एमएमडीव्हीएमहोस्टच्या पानावर मॉडेमच्या भागात आरएक्स ऑफसेट आणि टीएक्स ऑफसेट अशा दोन जागा, दोन्हींत शून्य. तिथं हर्ट्झमध्ये आकडा टाकायचा, अप्लाय करायचं, मिनिटभर थांबायचं, गोठ्यात उभ्या मामांनी दहा सेकंद बोलायचं, नातवानं बीईआर वाचायचा, मी वहीत लिहायचं. अधिक की उणे हे आधी कळत नाही. मी अधिक २०० नं सुरुवात केली, आणि पेटीनं मामांना ऐकलंच नाही, यादीत नावच उमटेना. म्हणजे उलट दिशेला. उणे १०० ला ५.१, उणे २०० ला ३.९, उणे ३०० ला २.२, उणे ४०० ला ०.९. इथं थांबायचा मोह होतो, एकच्या आत आलं की. पण थांबू नये, पलीकडची कडा बघितल्याशिवाय मध्य कळत नाही. उणे ५०० ला ०.३, उणे ५५० ला ०.६, उणे ६०० ला परत १.३. म्हणजे खड्ड्याचा तळ ४५० ते ५०० च्या मध्ये कुठंतरी, उणे ४७५ धरला, दोन्ही जागी तोच टाकला. दर वेळी मामा "एक दोन तीन चार, आवाज कसा येतोय" हे फौजी सुरात म्हणत होते, शेवटी शेवटी शेजारची दोन पोरं कुंपणावर येऊन तेच म्हणू लागली.

मग ९९९० ला प्रायव्हेट कॉल. हा पोपट, आपण बोललो ते आपल्यालाच परत ऐकवतो, दुसऱ्याला त्रास न देता तपासायला याच्यासारखं काही नाही. मामा बोलले, थांबले, आणि हँडीतून त्यांचाच आवाज आला. ते क्षणभर ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे म्हातारं कोण गा?"

इथं प्रकरण संपायला हवं होतं. पण मला हाव सुटली, म्हटलं आता आलोच आहे तर अपडेटही मारून टाकू. पाय-स्टार एरवी कार्डवर काही लिहीत नाही, वाचण्यापुरतंच उघडं ठेवतं, त्यामुळं करंट धाडकन गेला तरी बहुतेक वेळा कार्ड वाचतं. पण सेटिंग सेव्ह करताना आणि अपडेट चालू असताना ते लिहायला उघडतं. तर त्या पावसात, खानापूर भागात, जूनमध्ये, दुपारी साडेतीनला मी अपडेटचं बटण दाबलं. पुढचं सांगायला नको. चार मिनिटांत करंट गेला, पावणेदोन तासांनी आला, पेटीचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि मेला. बॅकअप? पाय-स्टारमध्ये बॅकअपचं पान आहे, एक क्लिक केलं की सगळ्या सेटिंगची झिप फाईल मिळते, हे मला माहीत होतं, दुसऱ्यांना मी सांगतोही, आणि घेतला नव्हता. कार्ड पुसून सगळं पहिल्यापासून. वाय-फाय टाकताना परत तेच, पाय झिरोला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दिसतं, राउटरचं ५ वालं नाव दिलं की तो जन्मभर शोधत बसतो, हे नातवानं मला आठवून दिलं, मी नव्हे. ब्रँडमायस्टरचा हॉटस्पॉटचा पासवर्ड मामांच्या डायरीत होता, फौजी माणूस, सगळं लिहिलेलं. आणि उणे ४७५ वहीत होता म्हणून, नाहीतर मामा परत गोठ्यात. या वेळी सेटिंग झाल्या झाल्या झिप काढली, एक नातवाच्या पेनड्राइव्हवर, एक मी मेलवर. पेटीला आता राउटरच्या छोट्या यूपीएसच्या ५ व्होल्टवर लावलंय.

नातवाला पीटीटी दाबायची फार हौस. मामांनी हात लावू दिला नाही, म्हणाले बारा वर्षं पुरी झाल्यात तुला, परीक्षा दे, लायसन काढ, मग बोल, तोवर वाच. पेटी कितीही लहान असली तरी ट्रान्समीटर आहे आणि दाबणाऱ्याकडं लायसन लागतं, यात मामा बरोबर आहेत. पोरगं फुरंगटलं, खरं पुस्तक मागवायला लावलंय म्हणे.

संध्याकाळी सातला ४०४ मोकळा होता. जावयानं हाक दिली, मामांनी कॉलसाइनसकट उत्तर दिलं, बीईआर ०.३, आणि पलीकडून जावई म्हणाला मामा आज शेजारच्या खोलीत बसल्यागत वाटताय. मग दोघं पाऊस किती, भाताची लावणी कुठवर आली यावर बोलत बसले, आणि दर वेळी सोडताना मामा ‘ओव्हर’ म्हणत होते जे डीएमआरमध्ये गरजेचं नाही पण कोण सांगणार.

मी निघायच्या तयारीत, मामी म्हणाल्या थांब गा, काकडीचं बी घेऊन जा, गावठी हाय, परसात लाव. आणि फडताळातून एक चंदेरी चकचकीत पिशवी काढली, बी कोरडं राहतं म्हणून त्यांनी त्यात भरून ठेवलेलं. ती हॅट आलेली पिशवी, बोर्डाला स्टॅटिक लागू नये म्हणून असते ती. नातू म्हणाला अरे ही मी शोधत होतो. मी उलटी केली. मागं छोटा पांढरा स्टिकर, विकणाऱ्यानं बोर्ड तपासून पेननं आकडा लिहिलेला : ऑफसेट, उणे ५००.

मामांनी चष्मा लावून तो वाचला, मग गोठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काही बोलले नाहीत. मामींनी बी कागदात बांधून दिलं आणि पिशवी परत फडताळात ठेवली.